गोव्याहून आलेल्यांनी बांधलेलं देऊळ: इतिहास लिहायचा तर साल कुठलं धरायचं?

तिनई_घाट

बेळगाव-खानापूर पट्ट्यात गोव्याहून वर आलेल्या कुळांची देवळं आहेत. जीर्णोद्धार झाला की स्मरणिका निघते आणि बहुतेक स्मरणिकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सन १५६० मध्ये पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून आपल्या पूर्वजांनी देव येथे आणला." पान उलटलं की जुन्या देवळाचा फोटो. त्यात मंगलोरी कौलं, लोखंडी गर्डर आणि पोलादी खांबांचा मंडप. १५६० चा त्यात एक दगडही दिसत नाही.

अशाच एका स्मरणिकेच्या मजकुराचं काम आहे. तीन गोष्टी हव्यात. गोव्यात नेमकं कधी काय घडलं, इकडची कागदपत्रं कुठल्या दप्तरात शोधायची, आणि वास्तूकडे बघून तिचं वय कसं ओळखायचं? भक्तिपर मजकूर वेगळा आहे, तो इथे नको.

अंत्रुज

आधी गोव्याचा क्रम नीट लावा, निम्मा घोळ तिथेच आहे.

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी घेतला तो तिसवाडीचा, म्हणजे गोवे बेटाचा भाग. बेटावरची देवळं १५४० मध्ये पाडली. बारदेश आणि साष्टी त्यांच्याकडे आले १५४३ मध्ये. इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मद्रोही ठरवलेल्यांना शिक्षा देणारं चर्चचं, कोर्ट १५६० मध्ये बसलं आणि साष्टीतली देवळं सरसकट पाडली गेली ती १५६६-६७ मध्ये. म्हणजे "छळ" हा एका सालाचा प्रकार नाही. पूर्वज तिसवाडीचे, बारदेशचे की साष्टीचे, यावर साल बदलतं.

आता देव कुठे गेले ते बघा. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये जुवारीच्या दक्षिण तीरावरून उत्तर तीरावर, प्रियोळला गेला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला. वेर्ण्याची महालसा म्हार्दोळला. ही सगळी ठिकाणं अंत्रुज महालातली, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यातली. अंत्रुज तेव्हा आदिलशाहीत होतं, पोर्तुगीजांच्या हाती ते १७६३ च्या सुमारास पडलं. होडीने नदी ओलांडली की राज्य बदलत होतं. मूर्ती डोक्यावर घेऊन घाट चढायची गरजच नव्हती.

तेव्हा मूळ देव बेळगावला आले असं लिहू नका. देव अंत्रुजात राहिले, माणसं घाट चढली. तीही एकदम नाही, पुढची दोन-अडीचशे वर्षं, टप्प्याटप्प्याने.

मलप्रभाकाठ

बरोबर, पण यातून असं वाटायला नको की गोवा आणि बेळगावची ओळख पोर्तुगीजांनी करून दिली. गोव्याच्या कदंबांची दुसरी राजधानी आमच्या खानापूर तालुक्यातली हलशी. तिथलं भूवराह नरसिंहाचं देऊळ बाराव्या शतकातलं, शिवचित्त पेर्माडीच्या काळातलं. या राजांचं कुलदैवत सप्तकोटीश्वर, म्हणजे दिवाडी बेटावरचा देव. राजा बसतो हलशीला आणि बिरुदात नाव दिवाडीच्या देवाचं.

सप्तकोटीश्वराचं देऊळही पोर्तुगीजांनी पाडलं. लिंग पुढे नदीपलीकडे नार्व्याला नेलं, आणि तिथे शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये देऊळ बांधायला घेतलं. दारावरच्या शिलालेखात शके १५९० आणि कीलक संवत्सर दोन्ही आहेत.

आणखी एक. १५६० मध्ये बेळगावही आदिलशाहीतच होतं. त्याआधी आदिलशाही सरदार असदखान लारी इथल्या किल्ल्यावर होता, तो १५४९ मध्ये वारला. अंत्रुज आणि बेळगाव एकाच सत्तेखाली, त्यामुळे वाट मोकळी होती. "परराज्यात आश्रय घेतला" हे वाक्य अंत्रुजाहून बेळगावला आलेल्यांना तरी लागू होत नाही.

तिनई_घाट

म्हणजे १५६० काढूनच टाकायचं?

अंत्रुज

काढू नका. त्याच्या जागेवर ठेवा.

अशा देवळाला चार वेगवेगळ्या तारखा असतात. मूळ देऊळ मोडलं ती, कुळं या गावात आली ती, इथे पहिली प्रतिष्ठापना झाली ती, आणि आजची वास्तू उभी राहिली ती. स्मरणिकेत या चारींची एक मोट बांधली जाते. वर्धापनदिन असतो तो बहुतेक वेळा शेवटच्या पुनःप्रतिष्ठेचा, आणि लोक त्यालाच देवळाचा जन्म समजतात.

कवळ्याचंच घ्या. देवी तिथे आली १५६६ च्या आसपास. आजचं मोठं देऊळ पुरं झालं १७३८ च्या सुमारास, शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या खटपटीने, आणि लगेच १७३९ मध्ये कवळे गाव देवीला इनाम मिळालं. मधली पावणेदोनशे वर्षं देवी साध्या मातीच्या देवळात होती. राजाश्रय असलेल्या देवीची ही गत, तर घाटावर येऊन दुकान थाटलेल्या दहा-बारा घरांनी आल्या दिवशी चिरेबंदी मंडप बांधला असेल का?

मोडी_वाचक

तारखांवरून सांगतो, कारण चुका इथेच होतात.

शके ते इसवी करताना सगळे डोळे मिटून ७८ मिळवतात. चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत ७८ ठीक. जानेवारीपासून फाल्गुन अखेरीपर्यंत ७९. माघातली प्रतिष्ठापना असेल तर (आणि माघात पुष्कळ असतात) एक वर्ष हमखास चुकतं.

संवत्सराचं नाव दिलं असेल तर ताळा करता येतो. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, उरेल तो साठ संवत्सरांच्या यादीतला प्रभवपासूनचा क्रमांक. वर नार्व्याचा लेख आलाय तोच घ्या: १५९० + १२ = १६०२, साठने भागून बाकी ४२, बेचाळिसावा कीलक. जुळलं. तुमच्या दगडावर शक आणि संवत्सर जुळत नसेल तर तीन शक्यता: आकडा चुकीचा वाचलाय, लेख मागाहून आठवणीने कोरलाय, किंवा रंगवणाऱ्याने पुसट आकडा आपल्या मनाने गिरवलाय. शेवटची शक्यता सगळ्यात जास्त. १ आणि ९, ५ आणि ६ यांच्याकडे खास बघा.

मराठेशाहीतल्या सनदांवर शुहूर सन असतो, तोही अक्षरी आणि अरबी शब्दांत, एकक आधी. "तिसा सलासीन मया व अलफ" म्हणजे नऊ, तीस, शंभर, हजार = ११३९. त्यात ५९९ मिळवा, १७३८. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून कागद जानेवारी ते मे मधला असेल तर ६०० मिळवायचे. "सबा" (७) आणि "सबैन" (७०), "सलास" (३) आणि "सलासीन" (३०) यांत घोटाळा झाला तर पिढ्याच इकडच्या तिकडे होतात. फसली (महसुली) सन असेल तर ५९०.

मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो आणि शब्द तोडून लिहिलेले नसतात. गावाचं नाव वाचताना नुसत्या अक्षरांवर विसंबू नका. शेजारच्या गावांची नावं, महाल, परगणा बघून ठरवा.

चंदगडी

गावांच्या नावांची तर मजाच आहे. केळोशी ही गोव्यातली, केळशी दापोलीजवळची. साष्टी गोव्यातलीही आणि मुंबई-ठाण्याचीही. फोंडा गोव्यातला, फोंडाघाट कणकवलीकडचा. "पूर्वज केळशीहून आले" एवढ्यावरून एका कुळाला थेट रत्नागिरी जिल्ह्यात नेऊन बसवलेलं छापील वाचलंय.

शहापूरकर

इकडच्या दप्तरांचं मी सांगतो. पहिला प्रश्न असा की देऊळ आहे ते गाव त्या काळी कुणाच्या राज्यात होतं? बेळगाव शहर आणि कॅम्प १८१८ पासून इंग्रजांकडे, पण त्याला चिकटून असलेलं शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात. आज मधली सीमा कळतपण नाही, पण कागद दोन वेगळ्या वाटांनी गेलेत. शहापुरातल्या देवळाची १८८० ची नोंद बेळगाव कलेक्टरच्या दप्तरात शोधत बसलात तर काय मिळणार? तिथे "नोंद नाही" असा शेरा मिळतो आणि लोक समजतात देऊळच नव्हतं.

इंग्रजी मुलखातलं गाव असेल तर इनाम कमिशनचे कागद. १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी झाली, त्यात देवस्थान इनामाचा वर्ग तिसरा. वहिवाटदार, पुजारी, कुणी दिलं, कधीपासून भोगवटा, हे सगळं जबान्यांमधून येतं. मात्र जबानी देणाऱ्याला जमीन टिकवायची होती, तेव्हा "पुरातन काळापासून" हे त्याचं म्हणणं पारखून घ्यायचं असतंय. जबानीला जोडलेली सनद असली तर ती खरी कामाची.

त्यानंतर १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात, म्हणून जुन्या देवळांची ट्रस्ट नोंदणी त्या कायद्याखाली झाली. हिंदू देवस्थानाचा नंबर 'ए' ने सुरू होतो. नोंदवहीचा शेड्यूल एकचा उतारा मागा. त्यात ट्रस्टची उत्पत्ती, विश्वस्त नेमायची पद्धत, स्थावर, जंगम असे रकाने असतात. उत्पत्तीच्या रकान्यात पुष्कळदा "परंपरागत" एवढंच लिहून मोकळे झालेत, पण नुसता उतारा घेऊन परत येऊ नका. मूळ अर्ज आणि चौकशीची फाईल मागा. त्या वेळी जोडलेली जुनी कागदपत्रं, दागिन्यांची यादी, भांड्यांवर कोरलेली नावं त्या फाईलीत सापडतात.

पुढे १९९७ च्या कर्नाटक कायद्यानंतर विषय मुजराई, म्हणजे देवस्थानांच्या, खात्याकडे गेला. देवळाला शेती असेल तर आरटीसीच्या (इकडचा सातबारा) मागे मागे जा. १ मार्च १९७४ नंतर जमीन कसणाऱ्या कुळांनी ती आपल्या नावावर मागायला फॉर्म नंबर ७ भरले, लँड ट्रिब्युनलमध्ये देवस्थानंही प्रतिवादी होती. त्या निकालांच्या फाईलीत जमीन देवाकडे कशी आली याचा इतिहास वकिलांनी आयता लिहून ठेवलेला असतोय की. फुकट मिळतं ते वाचायला काय हरकत आहे?

तिनई_घाट

शहापूरकर, फॉर्म ७ सुचलंच नव्हतं. वास्तूचं कोण सांगेल?

चिरेबंदी

वास्तू वाचताना वरून खाली यायचं. सगळ्यात नवं छप्पर, सगळ्यात जुनं जोतं, हा सर्वसाधारण नियम.

छपराला मंगलोरी कौल असेल तर ते छप्पर १८६५ च्या आधीचं नाही, कारण बासेल मिशनचा मंगळूरचा कारखानाच त्या साली निघाला. बेळगावसारख्या ठिकाणी ही कौलं वॅगनने यायची सोय झाली ती रेल्वे आल्यावर, १८८० च्या दशकात. त्याआधी नळीची कौलं किंवा गवत. एक कौल काढून उलटं करा, पाठीवर कारखान्याचं नाव आणि गाव उठवलेलं असतं. एकच नको, चार कोपऱ्यांतली आणि मधली अशी निदान दहा बघा. दरवर्षी फुटकी बदलली जातात, त्यामुळे एकाच छपरावर चार कारखान्यांचा माल असतो. ज्याचं प्रमाण जास्त आणि जे आढ्याजवळ आहे ते मूळ धरा. पागोळीकडचं नेहमी बदललेलं.

गर्डरच्या पोटावरही बनवणाऱ्याचं नाव उठावात असतं. तैलरंगाचे चार थर चढले की ते दिसत नाही, पण बोटाला लागतं.

भिंत: गोव्याकडून आलेल्यांचा हात जांभ्यावर बसलेला. खानापूरच्या पश्चिमेला जांभा भरपूर, बेळगावच्या पूर्वेला काळा दगड. पूर्वेकडे सुद्धा जांभ्याचे चिरे गाड्यांनी आणून बांधलेलं देऊळ दिसलं तर ते मुद्दाम केलंय, हे लिहा. जांभा सच्छिद्र, त्यावर बारीक अक्षर टिकत नाही, गिलावा करावाच लागतो. म्हणून शिलालेख भिंतीत शोधू नका. उंबरठा, दाराची चौकट, दीपस्तंभाचं पीठ, तुळशीवृंदावन, तळीच्या पायऱ्या इथे काळ्या दगडाचा तुकडा बसवलेला असतो, लेख त्यावर. गर्भगृहावर अष्टकोनी बैठकीचा घुमट, समोर दीपस्तंभ, शेजारी तळी आणि अग्रशाळा (भाविकांच्या उतरायच्या खोल्या), ही गोव्याची मांडणी. इकडे जागा अपुरी म्हणून तळीच्या जागी आड येतो आणि अग्रशाळेची एक खोली होते. दीपस्तंभ मात्र सहसा सोडत नाहीत.

घंटेबद्दल सावध राहा. घंटेवर इसवी सन आणि क्रूस दिसला की लोक हरखतात. भीमाशंकरला १७२१ ची, वाईजवळ मेणवलीला १७०७ ची अशीच युरोपी घंटा आहे. घंटा लुटीतून, खरेदीतून, भेटीतून कुठूनही येते. ती घंटेचीच तारीख, देवळाची नव्हे.

मोडी_वाचक

चिरेबंदी, लेखाचा ठसा कसा घ्यायचा तेही लिहा. लोक चुना नाहीतर पीठ चोळून फोटो काढतात.

चिरेबंदी

पीठ, चुना, खडू, काहीच चोळायचं नाही. ते छिद्रांत बसतं आणि पावसात शेवाळ धरतं. तारेचा ब्रश तर हातातच घेऊ नका.

आधी फोटो. रात्री, मंडपातले सगळे दिवे बंद करून, टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. कॅमेरा समोर, हलता कामा नये. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार फोटो. एका बाजूने न दिसलेली रेघ दुसरीकडून दिसते, म्हणून चारही हवेत. शेजारी मोजपट्टी ठेवा. दहातल्या सात-आठ लेखांना एवढं पुरतं.

ठसा घ्यायचाच तर: साध्या पाण्याने आणि मऊ कुंच्याने दगड धुवा. जाड, तंतुमय हातकागद पाण्यात भिजवून दगडावर पसरा, मधून कडेकडे हवा काढत जा. मग दाट केसांच्या ब्रशाने सरळ ठोकत कागद अक्षरांच्या खाचांत बसवा. घासायचं नाही, ठोकायचं. कागद फाटला तर त्यावर दुसरा ओला तुकडा ठेवून पुन्हा ठोका, एकजीव होतो. पाणी उडून कागद दमट राहिला की शाईची पुरचुंडी आधी पाटीवर दाबून, मग कागदावर हलकी टेकवत जा. उठावाचा भाग काळा होतो, अक्षर पांढरं राहतं. पूर्ण सुकल्यावरच सोडवा.

बिघडतं ते दोन ठिकाणी. कागद फार ओला असताना शाई लावली की ती पसरते आणि अक्षरं भरून जातात. दुसरं म्हणजे दगडावर तैलरंग असेल तर खाचाच बुजलेल्या असतात, ठसा कोराच येतो. अशा वेळी रंग खरवडायचा मोह होतो. थांबा, आधी आडव्या प्रकाशाचे फोटो बघा. रंग काढणं जाणकाराचं काम, ॲसिडने तर दगडाची कातडीच निघते.

अंत्रुज

आणखी एक शब्द जपून वापरा: महाजन. गोव्याच्या देवस्थानात महाजन म्हणजे स्थापनेपासून हक्क असलेली ठरावीक कुळं. पोर्तुगीज सरकारने १८८६ मध्ये महाजनांच्या संस्थांचे नियम केले आणि १९३३ मध्ये नवे, त्यामुळे तिथे महाजनांची नोंदवही असते. ज्यांची ती कुलदेवता आहे पण हक्क नाहीत ते कुळावी. बेळगावातलं घर कवळ्याचं कुळावी असू शकतं आणि इथल्या देवळाचं संस्थापकही. इथल्या वर्गणीच्या यादीतल्या माणसाला "महाजन" लिहिलंत तर तिकडच्या नोंदवहीशी जुळणार नाही आणि कुळांची भांडणं लागतील. "संस्थापक घराणी" लिहा.

कुळाचा मूळ गाव शोधायला ही नोंदवही आणि कौल-प्रसादाच्या (देवाला विचारून घेतलेल्या कौलाच्या) वह्या, दोन्ही उपयोगी. पिढ्यान्‌पिढ्या कौल घ्यायला कुठल्या देवळात जात होते ते विचारा. आडनावापेक्षा ते खात्रीचं.

मलप्रभाकाठ

तुलनेला कोचीनची कोकणी मंडळी घ्या. तीही गोव्याहूनच गेली, पण समुद्रमार्गे. तिथे त्यांनी तिरुमल देवस्वम उभं केलं. १७९१ मध्ये कोचीनच्या राजाशी बिनसलं तेव्हा मूर्ती आलप्पुळ्याला नेली, ती परत आली १८५३ मध्ये. म्हणजे एकदा स्थलांतर झालं की संपलं असं नाही. आणि त्यांची ओळख डचांच्या कागदांतही सापडते: मलबारच्या वनस्पतींवरच्या लॅटिन ग्रंथात रंग भट, विनायक पंडित आणि आप्पु भट या तिघा कोकणी वैद्यांचं १६७५ चं प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलंय. आपल्याकडे घाटावर आलेल्यांचा एवढा जुना छापील पुरावा मिळायचा नाही. आपला पुरावा वह्या, भांडी आणि खटल्यांच्या फाईली हाच.

शहापूरकर

भांड्यांचं बरं काढलंत. समई, घागर, ताट, प्रभावळ यांच्यावर देणाऱ्याचं नाव आणि शक ठोकलेला असतो. प्रत्येक भांडं उलटं करून काठ आणि बूड बघा, वजनासकट यादी करा. जीर्णोद्धारात जुनी पितळ मोडीत घालून नवी घेतात, तेव्हा यादी आधी, मोड नंतर.

तिनई_घाट

मग मजकूर असा लावतो: पहिल्या पानावर मूळ दैवताचं गोव्यातलं देऊळ आणि स्थलांतराचं साल. दुसऱ्यावर कुळं इकडे आल्याचा सगळ्यात जुना कागद, त्यावर जो सन असेल तो मूळ शब्दांत आणि कंसात इसवी. तिसऱ्यावर प्रतिष्ठापना. चौथ्यावर वास्तू, कौलांच्या आणि गर्डरच्या फोटोंसह. ज्याचा कागद मिळाला नाही ते साल छापायचं नाही. दीपस्तंभाच्या पिठावर लेख आहे, रंगाखाली. येत्या पंधरवड्यात ठसा घेऊ म्हणतो.

चिरेबंदी

पंधरवड्यात? आत्ता श्रावण चाललाय. खानापूरच्या हवेत कागद दोन दिवस सुकणार नाही, सुकण्याआधी बुरशी धरेल आणि सोडवताना लगदा हातात येईल. आत्ता रात्रीचे फोटो तेवढे काढून घ्या. ठशाला दिवाळीनंतर, थंडी पडली की या. आणि तोवर पेंटरला त्या दीपस्तंभाकडे फिरकू देऊ नका.